जनरेटरजवळची जागा

लिफ्टमध्ये आम्ही तिघेच होतो. मी, नवरा आणि आमच्या बरोबर खालच्या घरात नुकतेच राहायला आलेले एक दाढीवाले गृहस्थ. दाढीवाले हसले, उकाड्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग अगदी अदबीने, कुणाचं जुनं दुखणं विचारावं तसं, नवऱ्याला म्हणाले की रात्री तुमच्याकडे कसलं मशीन चालू असतं का? तक्रार नाही हं, सहज आपलं, बायको म्हणत होती. नवऱ्याने पापणीही हलू दिली नाही. "हो, ओल ओढून घेणारं मशीन आहे," तो म्हणाला. "आमच्या भिंतीला ओल येते ना. जुनं झालंय, दुरुस्तीला द्यायचंय." दाढीवाले म्हणाले, छे छे, सावकाश द्या. मला माहीत होतं, आमच्या एकाही भिंतीला ओल नाही. असलं मशीन आमच्या घरात नाही, कधीच नव्हतं. दोन मजले उतरेपर्यंत माझ्या लक्षात आलं की ते मशीन म्हणजे मी. मी लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिले. मी गप्प आहे हे बरं दिसेना म्हणून की काय, दाढीवाल्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमची मुलगी दिसत नाही, कुठे असते? मी म्हणाले, बँकेत आहे, बदली झालीय बाहेरगावी. ते म्हणाले, वा वा. तेवढ्यात तळमजला आला आणि त्यांनी आम्हाला आधी बाहेर पडू दिलं.

घोरणं मनाला लागलं, नाही असं नाही. पण त्याहून लागली ती नवऱ्याची सफाई. हा माणूस खोटं बोलताना अडखळतो. वीजबिल भरलं का विचारलं आणि भरलेलं नसलं तर याचे कान आधी लाल होतात आणि मग तो 'हो' म्हणतो. त्या दिवशी कान जसेच्या तसे होते. म्हणजे हे खोटं ताजं नव्हतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. कुणाकुणाला सांगून झालं असेल? दाढीवाल्यांच्या आधी तिथे एक म्हातारं जोडपं राहायचं, ते जिन्यात भेटलं की माझ्याकडे बघून जरा जास्तच प्रेमाने हसायचं. आणि ती पाठ! लेक शिकायला बाहेर पडली तेव्हापासून नवरा तिच्या खोलीत झोपतो, कारण त्याची पाठ धरते आणि त्याला कडक गादी लागते. इतकी वर्षं मी त्या पाठीला मलम चोळून देत आले आणि तो गुपचूप चोळून घेत आला. कधी 'आता पुरे' म्हणाला नाही. रस्ता ओलांडता ओलांडता मला ती पाठ आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चिडून कधी उशी फेकून मारली असती, तर मी भांडले असते. भांडणात माणसाला मान तरी वर करता येते. ज्याने झाकून ठेवलं त्याच्याशी कशावरून भांडणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ दुसऱ्यानेच दाबून धरली होती आणि मला पत्ता नव्हता. बसस्टॉपवर तो नेहमीसारखा म्हणाला, "येताना पाव आणतेस ना?" मी म्हणाले, आणते.

मी कानांच्या दवाखान्यात काम करते. डॉक्टर नव्हे, तपासणी करणारी. आमच्याकडे एक बंद खोली आहे, आतून जाड फोम लावलेली आणि एका बाजूला काच असलेली. तिच्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, ऐकू आलं की दाबा. मी काचेबाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडते. माणसं फार लबाड असतात. ऐकू आलेलं नसलं तरी दाबतात. आपल्याला ऐकू यायला हवं होतं एवढं त्यांना कळलेलं असतं, तेवढ्यावर दाबतात. काही जण काचेतून माझा चेहरा वाचायला बघतात, म्हणून आवाज सोडताना मी मान वर करत नाही. कानाला मशीन लागणार म्हटलं की चांगल्या चांगल्यांचे चेहरे पडतात. मग माझं ठरलेलं भाषण सुरू होतं: यात लाजायचं काय, चष्मा लावतोच ना आपण, शरीर आहे, चालायचंच. त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकाबाईंना हे ऐकवताना 'शरीर आहे' या शब्दांशी मी अडखळले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाईंना वाटलं, मला त्यांची कीव आली. त्यांनी माझा हात थोपटला. मला आठवत होतं ते मामाचं घर. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं एका लांब खोलीत ओळीने झोपायचो आणि एका सकाळी मोठा मामेभाऊ म्हणाला होता, रात्रभर कोण ट्रंका ओढत होतं गं इथे? सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, कारण कुणाला हसतायत ते मला कळलं नव्हतं. आईने मला मोरीपाशी बोलावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, कुशीवर झोपत जा, मुलीच्या जातीला हे बरं दिसत नाही. तो मामेभाऊही घोरायचा. पण त्याच्याबद्दल सगळे म्हणायचे, दमलाय बिचारा. मी कुशीवर झोपायला लागले. मग सगळं मिटलं असंच मी समजत होते, कारण पुन्हा कुणी बोललं नाही. कुणी बोललं नाही याचा अर्थ काय, हे कळायला मला लिफ्टमध्ये शिरावं लागलं.

त्याच आठवड्यात गोटीचा फोन आला. गोटी म्हणजे आमची लेक. लहानपणी गोल गरगरीत होती, आता काडीसारखी आहे, नाव तेवढं उरलंय. बँकेतली नोकरी सोडून तिला वर्ष उलटून गेलं. चार वादकांचा एक गट आहे. त्यांचे कार्यक्रम ठरवणं, गाड्या, मुक्काम, जेवणखाण, सगळं ती बघते आणि त्या चौघांतल्या चेलो वाजवणाऱ्याबरोबर एका खोलीच्या घरात राहते. लग्न वगैरे काही नाही. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवतात, हेही तिनेच मला फोनवर समजावलं होतं. नवरा म्हणाला होता, तिचं तिला कळतं. मीही म्हणाले होते, कळतं. आपण विरोध केला नाही, हे मी स्वतःला अधूनमधून सांगत असे. आता गोटी म्हणत होती की मोठा संगीत महोत्सव आहे, मैदानांमागून मैदानं, हजारो माणसं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी यांचा कार्यक्रम, तर तू ये. तंबूत आपण दोघी राहू, तो ड्रमवाल्याच्या तंबूत जाईल. सगळ्यांना तुला भेटायचंय. एका वर्षापूर्वी, फार कशाला एका आठवड्यापूर्वी हा फोन आला असता तर मी आनंदाने होकार दिला असता. आता 'तंबू' हा शब्द ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली. मी म्हणाले, बाबांना विचार, ते आले तर. बाबा फोनवर म्हणाले, अगं माझी पाठ कुठली जमिनीवर झोपू देते, तू आईलाच ने. आणि उत्साहाने माळ्यावरून माझी बॅग काढायला गेले. दोन रात्री शांत झोप मिळणार म्हणून तो उत्साह होता, असं माझ्या मनात आलं. चोराच्या मनात चांदणं. तसं नसेलही. पण आता घरातली कुठलीच गोष्ट मला साधी दिसत नव्हती.

मैदान लिफ्टच्या अगदी उलट होतं. गोटीच्या आणि माझ्या मनगटांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या गेल्या आणि पिवळ्या जाकिटातली एक मुलगी आम्हाला तंबूंच्या बाजूला घेऊन गेली. मी लग्नाला आल्यासारखी इस्त्रीचे कपडे घालून आले होते. आमच्या पुढून अंगावर चिखल वाळलेली, हसणारी पोरं जात होती. दूर कुठेतरी मोठ्या स्टेजवर कुणीतरी माइक तपासत होतं, एक, एक, दोन. गोटीच्या लोकांनी एका उताराच्या डोक्यावर, तीन झाडांखाली, फार देखणी जागा धरली होती. हिरवळ कोरडी होती, सावली होती, खालचं सगळं मैदान दिसत होतं. तीन तंबू एकमेकांकडे तोंड करून उभे होते आणि चौथ्यासाठी मध्ये जागा राखून ठेवली होती. तिच्यावर कुणीतरी चटई घालून ठेवली होती, म्हणजे दुसऱ्या कुणी घेऊ नये. गोटीने मला ती चटई मोठ्या कौतुकाने दाखवली. मी मात्र तंबूंमधलं अंतर बघत होते. हात लांब केला तर शेजारच्या तंबूला लागला असता. कापड बोटांत धरून पाहिलं तर रुमालापेक्षा जाड नव्हतं. माझा सगळा धंदा भिंतींचा आहे. किती फोम लावला की किती आवाज अडतो ते मी झोपेतही सांगीन, आणि इथे तर झोपेचाच प्रश्न होता. चार कलाकार, त्यांतला एक माझ्या मुलीचा माणूस, दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्यक्रम, आणि मध्यभागी मी, रात्रभर ट्रंका ओढत. सकाळी सगळे माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलतील. गोटी बापासारखीच म्हणेल, मशीन.

तेव्हा मला जनरेटर ऐकू आला. उताराच्या खाली, कुंपणाजवळ, खाण्याच्या दुकानांच्या मागे एक भलामोठा पिवळा जनरेटर धडधडत होता आणि त्याच्या आजूबाजूला एकही तंबू नव्हता. आमच्या कामात एक युक्ती आहे. एक कान चांगला आणि एक वाईट असला, की वाईट कान तपासताना चांगला कान मध्ये मध्ये चोंबडेपणा करतो, त्याचं ऐकून माणूस बटण दाबतो. म्हणून चांगल्या कानात एकसारखा 'शऽऽ' असा आवाज सोडून ठेवायचा. तो आवाज चालू असला की त्याच्याखाली काय चाललंय हे त्या कानाला कळत नाही. मी हे रोज करते. त्या जनरेटरकडे बघताना, घाबरलेल्या माणसाला होतो तसला खोटा आनंद मला झाला. मी गोटीला म्हणाले, आपण तिकडे तंबू लावू या. तिला वाटलं मी गंमत करतेय. पिवळ्या जाकिटातली मुलगीसुद्धा म्हणाली, काकू, तिथे कुणी राहत नाही, फार आवाज असतो. मी म्हणाले, मला चालतो. मग मी कारणं द्यायला लागले. तिथून नळ जवळ. इथे झाडांची मुळं टोचतील. इथे मुंग्या असणार. उतारावरून मी घसरले तर? एकेक कारण दिलं की गोटी ते खोडून काढायची आणि मी दुसरं द्यायची. पलीकडे झाडांखालून ते चौघे आमच्याकडे बघत होते. त्यांतला सगळ्यांत उंच, खांदे पाडून उभा असलेला, एक हात अर्धवट वर करून उभा होता. नमस्कारासाठी वर केलेला तो हात खाली कसा घ्यावा हे त्याला सुचत नसावं. तोच असणार हे मला कळलं आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

गोटीने तंबूचा गठ्ठा उचलला, खाली जनरेटरपाशी नेऊन टाकला आणि खुंट्या ठोकायला लागली. मी दोरी धरली. जमीन तेलकट होती, डिझेलचा वास येत होता. आवाज इतका होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं, आणि ती ओरडली नाही. माझ्याजवळ येऊन, माझ्या कानाशी, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तुला त्यांच्यात राहायचं नाहीये ना, आई? तसं सांग. मुंग्यांना कशाला मध्ये आणतेस?"

मी म्हणाले, तसं नाही गं.

"काल तुला न्यायला आले तेव्हा लिफ्टमध्ये खालचे काका भेटले. मला म्हणाले, बदली मानवली का?"

माझ्या हातातली दोरी सैल झाली आणि तंबूचा एक कोपरा खाली बसला. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो, मानवली."

एवढं बोलून ती दुसऱ्या बाजूची खुंटी ठोकायला गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. म्हणजे त्या लिफ्टमध्ये त्या सकाळी दोन मशीनं होती. एकावर नवऱ्याने पांघरूण घातलं आणि दुसऱ्यावर मी, त्याच्याइतक्याच सफाईने, त्याच्याहून लवकर, आणि लिफ्टमधून उतरेपर्यंत विसरूनही गेले. त्याचं खोटं दिवसभर माझ्या कानात वाजत होतं. माझं मला ऐकूच आलं नव्हतं. आणि तिने ते सांभाळून घेतलं, हो, मानवली म्हणाली. ज्याच्यावर पांघरूण घातलं जातं त्याला खाली काय वाटतं हे मला आठवडाभर चांगलंच कळत होतं, माझी मुलगी वर्षभर त्याच्याखाली आहे हे तेवढं कळलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं: अगं, मी घोरते, म्हणून ही जागा. तिने हसून तंबू उचलला असता. पण ते वाक्य जिभेवर येईना, आणि नुसतं घोरणं आड येत होतं असंही नाही. ते वाक्य पुरतं खरं नव्हतं. मला तुझी लाज वाटत नाही, माझी वाटते, असं छातीवर हात ठेवून सांगायचं, तर मग बदलीचं काय? दोन लाजा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की एक ओढली की दुसरी बाहेर येत होती. मी खाली वाकले आणि पडलेला कोपरा पुन्हा ताणून धरला. तंबू उभा राहिला. मैदानातली सगळ्यांत वाईट जागा आम्ही भांडून मिळवली होती.

रात्रीचं सांगण्यासारखं फारसं नाही. शेवटचं गाणं संपलं आणि जनरेटर बंद झाला. तो दुकानांचा आणि दिव्यांचा जनरेटर होता, माणसं झोपल्यावर तो कशाला चालवतील? ऐकू आलं की दाबा म्हणणाऱ्या बाईने, हा आवाज किती वेळ चालतो एवढं विचारलं नव्हतं. ती शांतता अशी होती की वरच्या झाडांखाली कुणीतरी खोकलं तेही मला ऐकू आलं. गोटी तिकडे तोंड करून झोपली होती. मी उठून बसले आणि बसूनच राहिले. डुलकी आली की मांडीला चिमटा काढायचे. माझ्या मुलीच्या शेजारी, तिची पाठ बघत, मी पहारेकऱ्यासारखी बसले होते आणि पहारा माझ्यावरच होता. उजाडल्यावर मी तोंड धुऊन, केस विंचरून, झोप पुरी झालेल्या माणसाचं तोंड करून बाहेर आले. चेलोवाला कागदी पेल्यांतून चहा घेऊन उतारावरून खाली येत होता. जवळून तो लहान दिसला, कानांमागे पोरांसारखे केस उभे होते. त्याने मला वाकून नमस्कार केला, चहा दिला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला गर्दीचा त्रास होत असेल तर आम्ही चौघे पलीकडे सरकतो, तुम्ही वर झाडाखाली या. काल आमच्या लक्षात आलं नाही." मी म्हणाले, नको, इथे छान झोप लागली. म्हणजे त्याने माझ्यासाठी एक कारण शोधून आणलं होतं, उतारावरून सांभाळून, चहासकट. घरचीच पद्धत. मला त्याच्याकडे नीट बघवेना. मी चहाकडे बघून सांगितलं की चहा चांगला आहे.

त्यांचा कार्यक्रम मोठ्या स्टेजवर नव्हता. मैदानाच्या टोकाला एक पांढरा मंडप होता, खाली सतरंज्या, शंभरेक माणसं. गोटीने मला पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसली, कारण तिची जागाच ती होती, तिथून ती वादकांना खुणा करते. आमच्या उजव्या हाताला रेकॉर्डिंग करणारा एक माणूस मांडी घालून बसला होता, डोक्यावर हेडफोन, पुढ्यात यंत्रांच्या चळती. गोटीने मला हळूच सांगितलं, हे रेकॉर्डिंग प्रसिद्ध होणार आहे, चेलोवरची त्याची पहिलीच एकट्याची रचना आहे, फार हळू आहे सुरुवात, म्हणून मोबाइल बंद कर. तिच्या आवाजात कालचं काही नव्हतं, होती ती काळजी त्याची होती. वर्षभर ती याच दुपारच्या मागे धावत होती. मी मोबाइल बंद केला. तो आला, खुर्चीवर बसला, चेलो गुडघ्यांत घेतला आणि किती तरी वेळ नुसता बसून राहिला. मग गज टेकला. आवाज आला असं म्हणता येणार नाही. मंडपात काहीतरी आधीपासून होतं, ते हळूहळू कळायला लागलं. मी दवाखान्यात जे सोडते त्याच्याही खालचा, जाड, ऊबदार आवाज. बाहेर ऊन होतं. कापडातून उजेड गाळून येत होता. मला एवढंच आठवतंय की मी स्वतःला म्हणाले, डोळे मिटून ऐकलं तर जास्त ऐकू येतं, हे मी लोकांना नेहमी सांगते.

मी डाराडूर झोपले. रात्रभर जिच्यावर पहारा केला ती भरदुपारी, पहिल्या रांगेत, माझ्या मुलीच्या खांद्यावर डोकं टाकून सुटली. जाग आली ती कुजबुजीने. आधी वाटलं मी घरी आहे. मग डिझेलचा वास आला, तो माझ्याच कपड्यांचा होता. रेकॉर्डिंगवाला गोटीकडे वाकून विचारत होता, "खालून काहीतरी घरघर येतेय. जनरेटर आहे का जवळ? बंद करायला सांगू?"

किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं. नवऱ्याला मशीन स्वतः तयार करावं लागलं होतं, हिला ते आयतं हातात दिलं जात होतं. कालपासून जनरेटर माझा जिवलग होता, त्याने एवढं केलं असतं. मी डोळे उघडले नाहीत. गोटीचा खांदा जराही हलला नाही.

"जनरेटर नाही," ती म्हणाली. "माझी आई आहे ती. रात्रभर बसून होती, मी पाहिलंय. झोपू दे तिला."

चेलो वाजतच होता. मी तशीच पडून राहिले. अंगातलं सगळं रक्त चेहऱ्यावर आलं होतं आणि तिला खांद्याला ते गरम लागत असणार, अशी मला भीती वाटत होती. तिने पाहिलं होतं. पाठ करून झोपलेली मुलगी जागी होती. आता काय करायचं? जागं होऊन सावरून बसावं, तर तिने दिलेली झोप तिच्या तोंडावर परत फेकल्यासारखं झालं असतं. झोपूनच राहावं, तर घोरायला हवं होतं, आणि मी कशी घोरते हे त्या मंडपात, किंबहुना माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांत, मला एकटीलाच माहीत नव्हतं. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. मला जाणवत होतं की मी इतका वेळ तेच करत आले आहे, लिफ्टमध्ये, तंबूत, आणि आताही, मुलगी माझ्या बाजूने उभी राहिली असताना मी तिच्या खांद्याआड डोळे मिटून लपले आहे. या लाजेपुढे घोरण्याची लाज काहीच नव्हती. मी डोळे उघडले. रेकॉर्डिंगवाला गडबडला. भला माणूस, हेडफोनवर बोट ठेवून मला खुणेने सांगू लागला की काही नाही, काही नाही, मशीनमधली खरखर.

"मशीन नाही," मी म्हणाले. "मीच." आणि तेवढ्यावर थांबायचं तर माझ्याच्याने थांबवेना. "आणि ही माझी मुलगी. बँकेत नाही ती. यांचं सगळं हीच बघते."

मी दिवसभर कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलते. माझा हळू आवाज म्हणजे इतरांचा मोठा. वाक्य मंडपाच्या टोकापर्यंत गेलं आणि शंभर माणसांनी माना वळवल्या. चेलोवाल्याचा गज क्षणभर एकाच सुरावर थांबला, सुटला नाही, तिथेच लांबत गेला. रेकॉर्डिंगवाल्याने कुजबुजत सांगितलं, "माहीत आहे, काकू. आम्ही सगळे ओळखतो तिला." गोटीने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, बापाचे कान होतात तसा, आणि तिने माझं डोकं धरून पुन्हा आपल्या खांद्यावर ठेवलं, जरा जोरातच. संध्याकाळी आम्ही तंबू वर झाडांखाली नेला. खुंट्या मी ठोकल्या. तिथे मी झोपले की नाही आणि कशी, हे कुणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लाज गेली वगैरे नव्हती. सकाळी चहा पिताना ती माझ्याबरोबर तिथेच बसलेली होती.

काही आठवड्यांनी गोटीने रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत लिहिलं होतं, काढता आलं असतं, पण तो म्हणाला राहू दे. घरी ऐकायचा मला धीर झाला नाही. दवाखान्यात शेवटचा पेशंट गेल्यावर मी त्या बंद खोलीत गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पेशंटच्या खुर्चीवर बसले. हेडफोन चढवले, रेकॉर्डिंग लावलं आणि सवयीने बटण हातात घेतलं. काचेपलीकडे कुणी नव्हतं. आधी नुसती मंडपातली शांतता होती, मग तो सूर आला, हळूहळू, कळेल न कळेल असा, आणि पुढे कुठेतरी त्याच्याखाली दुसरा एक आवाज चालायला लागला. जड काहीतरी ओढत नेल्यासारखा, थांबत, पुन्हा ओढत. मामेभाऊ अगदी बरोबर बोलला होता. नवरा इतकी वर्षं भिंतीपलीकडून हे ऐकत झोपत होता. मी मान खाली घालून ऐकत राहिले, चेहरा कुणी वाचायला नव्हतं तरी. अंगठा बटणावर होता, पण दाबायचं धाडस होईना. मग त्या ट्रंकेच्या आवाजात, इतकं हळू की माझ्यासारखीलाच कळावं, ती म्हणाली, माझी आई आहे ती. मी बटण दाबलं.